अल्पिष्टन साहेबांची सावधगिरी

अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास ज्यांनी कधी शिकवला आहे किंवा ज्यांना तो परीक्षेपुरता का होईना शिकावा लागला आहे, त्यांना एक उत्तर तोंडपाठ असते. मराठी गद्याच्या जडणघडणीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याची कामगिरी काय, असा प्रश्न आला की उत्तर आपोआप उतरत जाते: पेशवाई बुडाली, परंतु सुदैवाने जिंकणारा माणूस उदार, विद्याव्यासंगी व एतद्देशीयांविषयी कळवळा असलेला होता, त्याने पाठशाळा काढली, दक्षिणा चालू ठेवली, शाळापुस्तक मंडळीला आश्रय दिला, देशी भाषांतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला, आणि अशा रीतीने नव्या गद्याचा पाया घातला गेला. उत्तराच्या शेवटी मेकॉलेशी तुलना. मेकॉलेने १८३५ मध्ये देशी विद्यांची हेटाळणी केली, एल्फिन्स्टनने मात्र तिची कदर केली. पैकीच्या पैकी गुण.

आमच्यापैकी काहींनी हे उत्तर विद्यार्थी म्हणून लिहिले आहे आणि पुढे शिक्षक म्हणून तपासलेही आहे. तेव्हा पुढे जे म्हणणार आहोत त्यात पहिला दोष आमच्याच पदरी आहे हे आधीच कबूल करतो. उत्तर खोटे नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट घडलेली आहे. आमची तक्रार एवढीच आहे की ज्या टिपणाच्या आधारावर एल्फिन्स्टनच्या शिक्षणविषयक उदारपणाची ही सारी इमारत उभी आहे, ते टिपण आपण पुरते वाचत नाही. आणि त्यात जो उतारा आपण गाळतो, त्यानेच पुढची शंभर वर्षे मराठीत लेखणी कोणाच्या हाती जाईल हे बऱ्याच अंशी ठरवले.

त्या उताऱ्याकडे जाण्यापूर्वी माणसाची कारकीर्द पाहिली पाहिजे, कारण उतारा तिच्यातूनच निघाला आहे.

स्कॉटलंडमधल्या सरदार घराण्यातला हा धाकटा मुलगा. जन्म १७७९ चा. कंपनीच्या नोकरीत १७९६ साली कलकत्त्यास उतरला तेव्हा वय सोळा. १७९९ मध्ये बनारसला वजीर अलीच्या उठावातून जीव वाचवून पळाला, १८०१ मध्ये पुण्याच्या रेसिडेंटाचा साहाय्यक झाला, १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर आर्थर वेलस्लीच्या बरोबर होता. या तरुणाचा पेशा चुकला, त्याने शिपाईच व्हायला हवे होते, असा अभिप्राय वेलस्लीने दिल्याचे सर्व चरित्रकार कौतुकाने सांगतात. पुढे नागपूरची रेसिडेन्सी; १८०९ मध्ये पेशावरला शाह शुजाच्या दरबारी वकिलात, तिच्यातून १८१५ मध्ये निघालेला काबूलच्या राज्यावरचा ग्रंथ; आणि १८११ पासून पुण्याची रेसिडेन्सी. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा १८१५ मधला पंढरपुरातला खून, त्रिंबकजी डेंगळ्यांना पकडून देण्यासाठी बाजीरावावर आणलेला दाब, त्रिंबकजीचे ठाण्याच्या कैदेतून पलायन, १८१७ च्या जूनमधला पुण्याचा अपमानकारक तह आणि ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई हा सगळा भाग इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो, तो येथे उगाळण्याचे कारण नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवावी. खडकीच्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली आणि तिच्यात एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह व कागदपत्रे खाक झाली. हा माणूस छावणीतही ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ वाचणारा होता, फारसीत मुरलेला होता, रोजनिशी लिहिणारा होता. त्याच्या ग्रंथप्रेमाविषयी आम्हांला शंका नाही. जुन्या मराठी कागदांतून ‘अल्पिष्टन’ या नावाने वावरणारा हा साहेब खरोखरच वाचणारा साहेब होता.

आणि लिहिणाराही. आमच्या मते त्याच्या कारकिर्दीचे खरे स्वरूप यातच आहे. तलवार दुसऱ्यांनी चालवली. जिंकलेला मुलूख कागदावर त्याने आणला. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्यातून जाहीरनामा निघाला. बाजीरावाचे राज्य खालसा झाले, छत्रपतींना लहानसे राज्य मिळेल, परंतु वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांचे व धर्मादायाचे खर्च पूर्ववत चालतील, असे त्यात अभय होते. जाहीरनाम्याचा रोख कोणाकडे आहे हे न कळण्याइतकी मराठी मंडळी भोळी नव्हती. ज्यांच्याजवळ वतन आहे, इनाम आहे, वर्षासन आहे, त्यांनी बाजीरावाच्या मागे धावू नये, घरी स्वस्थ बसावे, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते त्यांच्यासाठी जाहीरनाम्यात फारसे काही नव्हते, कारण त्यांच्यापासून भयही नव्हते.

मग १८१९ च्या ऑक्टोबरात पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीचा प्रसिद्ध अहवाल. जमीनमहसूल, पोलीस, फौजदारी न्याय, दिवाणी न्याय. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, पंचायत. एका माणसाने, ग्रँट, चॅप्लिन, ब्रिग्ज, पॉटिंजर, रॉबर्टसन या हाताखालच्या अधिकाऱ्यांकडून माहिती गोळा करून, जवळजवळ एका समाजाचे सगळे व्याकरण लिहून काढले. आमचे प्रांजळ मत असे, की मराठी समाजाविषयी इंग्रजीत झालेल्या लेखनात याच्या तोडीचे गद्य थोडे आहे, आणि ते वाङ्मयाच्या वर्गात वाचले जात नाही हे आपले दुर्दैव आहे. ते वाचले असते तर ‘ब्राह्मणांचा कैवारी’ आणि ‘ब्राह्मणांचा शत्रू’ या दोन्ही समजुती एकदमच गळून पडल्या असत्या. या अहवालात पुण्याच्या ब्राह्मणांविषयी त्याने जी विशेषणे वापरली आहेत ती इतकी कडवट आहेत की ती येथे देणेही नको वाटते. कारस्थानी, लाचखाऊ, तत्त्वशून्य असा त्यांचा सारांश. आणि याच माणसाने याच वर्गाची दक्षिणा बंद पडू दिली नाही. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, म्हणजे त्याच्याच वाढदिवशी, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात याच वर्गासाठी संस्कृत पाठशाळा उघडली गेली. पहिल्या काळात तिच्यात ब्राह्मणेतराला प्रवेश नव्हता.

हा विरोधाभास आहे काय? मुळीच नाही. ज्याच्याविषयी प्रेम नाही आणि ज्याचे भय आहे, त्याला काय देऊन स्वस्थ ठेवावे याचा हा हिशेब आहे, आणि तो लपवून ठेवावा असे एल्फिन्स्टनला कधी वाटले नाही. आपल्याला मात्र तो लपवावासा वाटतो. त्याच्या उदारपणावर बोलणाऱ्यांनी त्याच काळातली आणखी एक गोष्ट विसरू नये. पुण्यातल्या युरोपियनांना ठार मारण्याचा एक कट उघडकीस आला तेव्हा या सौम्य, ग्रंथप्रेमी कमिशनराने कटाच्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिले. या शिक्षेत दोन गुण आहेत, मरणाऱ्याला वेदना होत नाहीत आणि पाहणाऱ्याला दहशत बसते, असे त्याचे म्हणणे चरित्रकारांनी नोंदवले आहे. मुंबईच्या गव्हर्नराने सुचवले की या कृत्याबद्दल कायद्याचे संरक्षण मागून घ्यावे; त्याने नकार दिला. चुकीचे केले असेल तर शिक्षा भोगेन, बरोबर केले असेल तर संरक्षण कशाला, अशी त्याची भूमिका. तीही चरित्रकारांनी धीरोदात्तपणाचा दाखला म्हणून दिली आहे. आम्हांला त्यात एक शैली दिसते. पाहणाऱ्यावर काय परिणाम होईल हे आधी मोजायचे आणि मग कृती करायची. तोफेच्या बाबतीत मोजले, दक्षिणेच्या बाबतीत मोजले, आणि १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असताना शिक्षणाच्या बाबतीतही मोजले.

आता त्या टिपणाकडे वळू. सरकारी भाषेत ज्याला ‘मिनिट’ म्हणत, असे हे शिक्षणविषयक टिपण १८२३ च्या डिसेंबरातले. त्यात सात उपाय सुचवले आहेत. देशी शाळांतली अध्यापनाची पद्धत सुधारावी व शाळांची संख्या वाढवावी. त्यांना पुस्तके पुरवावीत. खालच्या थरातल्या लोकांना त्या शाळांचा लाभ घेण्यास उत्तेजन द्यावे. युरोपीय शास्त्रे शिकवणाऱ्या शाळा काढाव्यात. नीतिशास्त्र व पदार्थविज्ञान यांवरील पुस्तके देशी भाषांत तयार करून छापावीत. इंग्रजी शिकवण्याची सोय करावी. आणि या साऱ्यासाठी लोकांना बक्षिसांचे उत्तेजन द्यावे. यांतला तिसरा उपाय वाचून आपल्याला भरून येते. ‘खालच्या थरातल्या लोकांना’ असे शब्द १८२३ मध्ये! फ्रान्सिस वॉर्डनसारखा त्याच्याच कौन्सिलातला सभासद सरकारने शिक्षणावर एवढे पैसे घालू नयेत असे म्हणत असताना!

परंतु त्याच टिपणात पुढे हे आहे. आम्ही उतारा देत नाही, आशय आमच्या शब्दांत सांगतो. मूळ ज्याने त्याने पाहावे. मिशनऱ्यांचा अनुभव असा आहे की सर्वांत खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी निघतात. तरीही या लोकांना खास उत्तेजन देताना आपण सावध राहिले पाहिजे. ते सर्वांत तिरस्कृत आहेत, एवढेच नव्हे, तर समाजाच्या मोठ्या विभागांत संख्येनेही अगदी थोडे आहेत. आपल्या शिक्षणाने पहिली मुळे त्यांच्यात धरली तर ते त्यांच्यापलीकडे पसरणारच नाही; उपयुक्त ज्ञानात इतरांहून वरचढ, पण इतर जातींच्या द्वेषाला व तिरस्काराला पात्र अशा एका नव्या वर्गाचे पुढारी होण्याची पाळी आपल्यावर येईल. आपली सत्ता केवळ सैन्यावर किंवा लोकांतल्या एखाद्या भागाच्या प्रेमावर टेकवून ठेवण्यात समाधान असेल, तर अशी स्थिती इष्टच म्हणता येईल. तिला अधिक व्यापक पाया द्यायचा असेल, तर ही गोष्ट त्याशी जुळणारी नाही.

हे वाचून संताप येतो, तो बाजूला ठेवून थोडे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यासारखे वाचू. पहिली गोष्ट: येथे अज्ञान नाही. खालच्या जातीतला माणूस शिकू शकत नाही असे म्हणणारा हा मजकूर नाही. तो उत्तम शिकतो, ही साक्ष त्याच्यासमोर आहे, तो ती नाकारत नाही, तिच्यापासूनच विचाराला सुरुवात करतो. दुसरी: ‘संख्येने थोडे’ हे विधान जनगणनेशिवाय केलेले आहे. देशाची पहिली शिरगणती व्हायला अजून जवळजवळ पन्नास वर्षे होती. ज्याने गावोगावचे बलुतेदार आपल्या अहवालात नोंदवले होते, त्याला महारवाडा आणि मांगवाडा किती गावांना आहे हे ठाऊक नव्हते असे आम्ही मानत नाही. तिसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. सैन्यावर सत्ता टेकवण्याची कल्पना तो बाजूला सारतो. पण ज्या सैन्याच्या बळावर तो गव्हर्नर झाला, त्या मुंबई लष्करात महार शिपाई होते. कोरेगावच्या स्तंभावर, १ जानेवारी १८१८ च्या मृतांत, ‘नाक’ अशी अखेर असलेली नावे कोरलेली आहेत, आणि त्या स्तंभाचे काम एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाच १८२१ मध्ये सुरू झाले. नाव दगडावर कोरायला हरकत नव्हती. पाटीवर गिरवायला द्यायचे तर मात्र सावधगिरी हवी होती.

येथे आमचे काही स्नेही हमखास म्हणतात, की तुम्ही एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला एकविसाव्या शतकाच्या तराजूत तोलता. तो आपल्या काळाचे अपत्य होता. हा युक्तिवाद आम्हांला इतरत्र पटतो, येथे पटत नाही, आणि कारण त्या टिपणातच आहे. मिशनरी त्याच काळात, त्याच मुंबईत होते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत काम करत होते, आणि १८२४ मध्ये, म्हणजे टिपणाच्या पाठोपाठ, त्यांनी मुलींची शाळा काढली. म्हणजे दुसरा रस्ता त्या काळातही उघडा होता, कोणी तरी त्यावरून चालत होते, आणि एल्फिन्स्टनने त्यांचे नाव घेऊन, त्यांचे फळ पाहून तो रस्ता टाळला. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे आम्हांला मान्य आहे. सरकारचा हेतू राज्य टिकवण्याचा होता, एवढेच मग तितक्याच मोकळेपणी मान्य व्हावे.

त्याच्या मनात नुसता राज्यरक्षणाचाच विचार होता असे म्हणणेही अन्यायाचे होईल. जनरल ब्रिग्जने सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून त्याने विचारले, ही कशासाठी? लोकांना शिकवण्यासाठी, असे उत्तर मिळाले. आणि त्याला जोडून, हाच आपला युरोपला परतण्याचा राजरस्ता आहे, असेही. शिकलेले लोक एक दिवस राज्य परत मागतील हे त्याला दिसत होते आणि तरी तो शिकवायला तयार होता. या दूरदृष्टीचे गोडवे आम्हीही वर्गात गायिले आहेत. पण त्याच माणसाला एक दिवस अस्पृश्य लिहू लागतील हेही दिसत होते, आणि त्याबद्दल त्याने काळजी घेण्याची सूचना करून ठेवली. पहिले दर्शन आपण विद्यार्थ्यांना सांगतो, दुसरे सांगत नाही.

एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये हिंदुस्थान सोडला. त्याच्या गौरवार्थ मुंबईकरांनी जमवलेल्या वर्गणीतून त्याच्या नावाची संस्था उभी राहिली. पुढे दोनदा गव्हर्नर-जनरलपद देऊ केले असता त्याने ते नाकारले, १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी तो इंग्लंडात वारला. (जाता जाता: मुंबईतला एल्फिन्स्टन रोड, ज्याच्या स्थानकाचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तो याचा नव्हे, तो त्याच्या पुतण्याचा, १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा. नामांतराच्या वेळी काकाच्या नावाने पुष्कळ बोटे मोडली गेली.) माणसाची कारकीर्द येथे संपते. त्या उताऱ्याची कारकीर्द मात्र चालू राहिली आणि आमच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे.

मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळाने, सर अर्स्किन पेरी अध्यक्ष असताना, १८५०-५१ च्या अहवालात खालच्या जातींच्या शिक्षणाचा प्रश्न घेतला तेव्हा एल्फिन्स्टनचा हाच उतारा शहाणपणाचा आधार म्हणून पुढे केला. जवळजवळ तीन दशकांपूर्वीची सूचना आता धोरणाचे वचन झाली होती. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. त्याने सरकारकडे अर्ज केला. न्याय तत्त्वतः अर्जदाराच्या बाजूने आहे, परंतु एकासाठी शाळा इतर सर्वांना निरुपयोगी करता येत नाही, अशा आशयाचा निर्णय मुंबई सरकारने दिला. भाषा बदलली आहे, पण वाक्याचा सांगाडा ओळखू येतो. आधी योग्यतेची कबुली, मग ‘परंतु’, मग व्यापक पाया.

वाङ्मयाच्या इतिहासात याचे काय झाले, ते आता पाहू. कारण आमचा मूळ झगडा इतिहासकारांशी नसून आमच्याच विषयाशी आहे. पेशव्यांची श्रावणमासातली दक्षिणा एल्फिन्स्टनने चालू ठेवली. पुढे १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्यासारख्या सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा नुसत्या वेदशास्त्रसंपन्नांना न वाटता मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यातून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. मराठी गद्यात भाषांतरांचे जे पीक आले त्याला याच कमिटीचे खतपाणी होते, हे आपण शिकवतो, आणि ते बरोबर आहे. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले. खेड्यातले एक कुणबी जोडपे, त्याला ग्रहांची भीती घालून नाडणारा जोशी, मधूनमधून बोलणारा विदूषक, आणि अखेरीस शाळेत जाण्याचा निश्चय. कमिटीने ते स्वीकारले नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त हे स्वतःच सांगितले आहे, आणि त्यांचे निरीक्षण असे की ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. हे चालले का नाही? त्यांना कोणी बांधून ठेवले होते? आम्हांला वाटते, ज्या यंत्रात ते बसले होते त्याची रचनाच अशी होती की त्यांचे चालू नये. पैसा दक्षिणेचा, परंपरा सन्मानाने राखलेली, आणि ती राखण्यामागचा हेतू वरच्या वर्गाला न दुखवण्याचा. अशा कमिटीसमोर शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या भिक्षुकाचे नाटक आले तर दुसरे काय व्हावे?

‘तृतीय रत्न’ छापले गेले १९७९ मध्ये. मधल्या काळात मराठी नाटकाचे इतिहास लिहिले गेले, त्यांच्या आवृत्त्या निघाल्या, त्यांवर प्रबंध झाले. पहिले सामाजिक नाटक कोणते यावर विद्वानांनी हिरिरीने वाद घातले. ज्या नाटकाने त्या वादाचा निकाल लागला असता ते बाडात पडून होते. आणि जे छापलेच गेले नाही त्याचा प्रभाव पडला नाही, प्रभाव पडला नाही म्हणून ते महत्त्वाचे नाही, असा निष्कर्ष काढायला आपण मोकळे.

त्याच १८५५ मधली दुसरी गोष्ट. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. ‘ज्ञानोदय’ मिशनऱ्यांचे पत्र. एल्फिन्स्टनने ज्यांच्या अनुभवाची नोंद घेऊन पाठ फिरवली होती, त्यांच्याच छापखान्यातून हा निबंध निघाला. ज्यांच्यासाठी सरकारी शाळेचे दार अर्धे लोटलेले होते, त्यांच्यातल्या एका मुलीने अवघ्या काही वर्षांच्या शिक्षणावर कसे मराठी लिहिले हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तो निबंध आणि त्याच दशकातली दक्षिणा प्राइझ मिळालेली कोणतीही दोन भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. आम्ही हा प्रयोग विद्यार्थ्यांबरोबर केला आहे. भाषांतरे संस्कृत समासांनी जड झालेली. मुक्तेच्या वाक्यांत प्रश्न आहेत, हाक आहे, ऐकणारा समोर बसलेला आहे. अर्वाचीन मराठी गद्याचा दुसरा उगम येथे होता. त्याला पुढे प्रवाह मिळाला नाही, कारण असे लिहिणाऱ्या दहा मुक्ता तयार व्हायला ज्या शाळा हव्या होत्या त्या सरकारने काढल्या नाहीत.

एक गोष्ट आमच्या विरुद्ध जाते, ती सांगितलीच पाहिजे. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात, म्हणजे जेथे ती संस्कृत पाठशाळा उघडली गेली होती तेथेच, मेजर कँडीच्या हस्ते फुल्यांचा सरकारतर्फे सत्कार झाला. भिंतीला फटी होत्या, आणि अधूनमधून एखादा इंग्रज अधिकारी त्या रुंद करायचा. पण शाल देणे आणि धोरण बदलणे यांतला फरक फुल्यांना पुरेपूर कळत होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी नेमके यावरच बोट ठेवले, की शेतसारा भरतात शूद्र, आणि त्यातून शिकतात वरचे वर्ग. वरून झिरपत खाली येईल म्हणून सांगितलेली विद्या खाली आलीच नाही.

खाली विद्या आली ती दुसऱ्याच वाटेने, आणि ही वाट एल्फिन्स्टनने बाजूला ठेवलेल्या पर्यायातली होती: सैन्य. लष्करी शाळांत महार शिपायांची मुले लिहायला वाचायला शिकली. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. लष्करी शाळेत शिक्षक असलेल्या सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, १९१२ मध्ये पदवीधर झाला.

१९२८ मध्ये सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणस्थितीविषयी जे निवेदन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सादर केले, त्यात त्यांनी एल्फिन्स्टनचा तो उतारा देऊन, शिक्षण हे वरच्या वर्गांचे राखीव कुरण ठरवण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने जाणूनबुजून घेतला असे सांगितले. त्याबरोबर शिक्षण मंडळाचा १८५०-५१ चा अहवाल आणि धारवाडच्या मुलाचे प्रकरणही तेथे आहे. म्हणजे या लेखात आम्ही जी साखळी जुळवली ती आमची नव्हे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याने ती सुमारे शंभर वर्षांपूर्वी जुळवून ठेवली आहे, आणि ती त्यांच्या समग्र लेखनाच्या शासकीय प्रकाशनात दुसऱ्या खंडात कोणालाही मिळते. अस्पृश्यांच्या चळवळीचे अभ्यासक ती वाचतात. मराठीचे प्राध्यापक ती वाचत नाहीत, कारण ती ‘वाङ्मयात’ मोडत नाही. ती इंग्रजीत आहे आणि शिक्षणाविषयी आहे. एल्फिन्स्टनचे टिपणही इंग्रजीतच आणि शिक्षणाविषयीच आहे, पण त्याचे सात उपाय मात्र आपल्या टिपणवह्यांत ओळीने उतरवलेले असतात.

यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी असे सुचवले की मग अभ्यासक्रमातून एल्फिन्स्टनच काढून टाकावा. आम्हांला ते अजिबात मान्य नाही. उलट तो अधिक वाचावा: १८१९ चा अहवाल वाचावा, १८२३ चे टिपण तिसऱ्या उपायाशी न थांबता अखेरपर्यंत वाचावे, आणि मेकॉलेच्या नावाने खडे फोडण्याची सवय थोडी आवरावी. मेकॉलेशी भांडणे सोपे आहे, तो उद्धट आहे, त्याला आपल्याविषयी काही ठाऊक नव्हते. एल्फिन्स्टनला आपल्याविषयी सारे ठाऊक होते. येत्या सत्रात आम्ही ते टिपण, ‘तृतीय रत्न’ आणि मुक्तेचा निबंध एकत्र लावणार आहोत, परीक्षेत प्रश्न येवो न येवो. टिपणाचे मराठी भाषांतर वर्गातच करायचे ठरले आहे. ‘सावध’ या शब्दाला पर्याय शोधण्यात पहिलाच तास जाईल असा आमचा अंदाज आहे.